करोना बॅचचे प्रश्न: बंद शाळा, रद्द परीक्षा आणि हाती आलेली गुणपत्रिका

दहावीच्या वर्गाला शिकवत असल्यामुळे 2020 ते 2022 या तीन वर्षांतले प्रश्न अजूनही माझ्यापर्यंत येतात. पूर्वी पालक विचारायचे, आता ती मुलंच विचारतात. कुणाला नोकरीच्या मुलाखतीत टोमणा ऐकावा लागलेला असतो, कुणाला परदेशी विद्यापीठाच्या अर्जात 'परीक्षा झाली नाही' हे कसं लिहायचं ते कळत नसतं. जे वारंवार विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. मुख्यतः महाराष्ट्र राज्य मंडळाबद्दल आणि राज्यातल्या विद्यापीठांबद्दल.

शाळा नक्की कधी बंद झाल्या, आणि सरकारला तो अधिकार कुठून मिळाला?

पुण्यात 9 मार्च 2020 ला राज्यातले पहिले रुग्ण सापडले. त्याच आठवड्याच्या शेवटी शहरी भागातल्या शाळा 31 मार्चपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश निघाला आणि पाठोपाठ ग्रामीण भागातल्याही बंद झाल्या. दहावी-बारावीच्या परीक्षा मात्र सुरू होत्या आणि त्या ठरल्याप्रमाणे होतील असं तेव्हा सांगितलं गेलं.

अधिकार दोन कायद्यांचा. एक 1897 चा साथरोग कायदा, जो मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईघाईनं केला होता. दुसरा 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. हा दुसरा लक्षात ठेवा, पदवीच्या परीक्षांचं भांडण पुढे त्याच्याच भोवती फिरलं. शाळेला कुलूप लावायला हे कायदे पुरेसे होते. परीक्षा न घेता मुलाला पुढे ढकलायला पुरेसे होते का, यावर कुणाचंच एकमत नव्हतं.

2020 च्या दहावीला भूगोलाचा पेपर झालाच नाही. मग मार्क कुठून आले?

त्या वर्षी दहावीची परीक्षा 3 मार्चला सुरू झाली आणि शेवटचा पेपर 23 मार्चला होता: सामाजिक शास्त्रांचा दुसरा पेपर, म्हणजे 40 गुणांचा भूगोल. 21 तारखेला मुलं इतिहासाचा पेपर देऊन घरी आली आणि भूगोल पुढे ढकलल्याची बातमी आली. पुढे म्हणजे केव्हा, ते नव्हतं. त्यानंतर देशभर टाळेबंदी लागली. 12 एप्रिलला पेपर रद्द झाल्याचं जाहीर झालं.

मुलानं बाकीच्या विषयांच्या लेखी परीक्षेत जे गुण मिळवले त्यांची सरासरी काढून भूगोलाचे गुण दिले गेले. कुणाचं फार नुकसान झालं नाही. भूगोल कच्चा असलेल्यांचा फायदाच झाला, आणि नकाशे छान काढणारी एकदोन मुलं प्रत्येक वर्गात हळहळली.

पण पेपर पुढे ढकलल्यापासून रद्द होईपर्यंतचे तीन आठवडे मुलांनी पुस्तक उघडं ठेवून काढले. पुढची दोन वर्षं जे घडत राहिलं त्याची ही लहानशी तालीम होती. निर्णय बहुतेक वेळा समजण्यासारखाच असायचा, फक्त तो यायचा अंत पाहून. मुलांना परीक्षेनं दमवलं नाही, तारखेच्या वाट पाहण्यानं दमवलं, असं माझं मत आहे. पुढच्या उत्तरांतही ते डोकावेल.

त्याच वर्षीच्या बारावीचं काय?

लेखी परीक्षा 18 मार्चला संपली होती, थोडक्यात निसटली. अडकल्या त्या उत्तरपत्रिका. टाळेबंदीत गठ्ठे शाळांत आणि शिक्षक घरी. त्यामुळे बारावीचा निकाल 16 जुलैला (90.66 टक्के) आणि दहावीचा 29 जुलैला (95.30 टक्के) लागला. सीईटी, नीट वगैरे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत लांबल्या, ते वेगळंच.

2021 मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही. आमचे मार्क कशावरून ठरले?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

परीक्षा 29 एप्रिल 2021 ला सुरू व्हायची होती. एप्रिलच्या सुरुवातीला दुसरी लाट भरात होती. 12 एप्रिलला परीक्षा पुढे ढकलली, दोनच दिवसांत सीबीएसईनं आपली दहावी रद्द केली, आणि 20 एप्रिलला राज्यानंही तेच केलं. पण गुण कसे देणार हे त्या दिवशी ठरलेलं नव्हतं. दरम्यान पुण्यातून मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली आणि परीक्षा रद्द करून तुम्ही शिक्षणव्यवस्थेची थट्टा करत आहात, अशा शब्दांत न्यायालयानं सरकारला फटकारलं. सूत्र आलं 28 मेला. म्हणजे परीक्षा नाही हे कळल्यावर, मग काय आहे हे कळायला पाच आठवड्यांहून जास्त वेळ लागला.

सूत्र प्रत्येक विषयाच्या 100 गुणांसाठी असं होतं: दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे 30, तोंडी-प्रात्यक्षिक-अंतर्गत मूल्यमापनाचे 20 आणि नववीच्या निकालावरून 50. शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली निकाल समिती बसली, विषयशिक्षकांनी तक्ते भरले, वर्गशिक्षकांनी एकत्र केले, मग ते मंडळाच्या संगणक प्रणालीत चढले. जूनचा महिना त्यात गेला.

या सूत्रात एक गंमत आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात आली. निम्मे गुण नववीचे. पण ही मुलं नववीत होती 2019-20 मध्ये, आणि त्या वर्षी नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा 12 एप्रिल 2020 लाच रद्द झाली होती, भूगोलाच्या पेपरबरोबर, एकाच घोषणेत. म्हणजे रद्द झालेल्या दहावीचा निम्मा आधार हा अर्धी रद्द झालेली नववी होता. पहिल्या सत्राच्या परीक्षेला, जिला मुलं 'सहामाही तर आहे' म्हणून फार मनावर घेत नाहीत, तिला दीड वर्षानं अचानक बोर्डाच्या परीक्षेचं वजन आलं. सहामाहीत आजारी असलेल्या, क्रीडास्पर्धांना गेलेल्या मुलांना ते महागात पडलं. उरलेल्या 30 गुणांसाठी ऑनलाइन चाचण्या, गृहपाठ, सराव परीक्षा असं जे काही शाळेकडे होतं ते धरलं. ज्यांच्या घरी फोनच एक आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, त्यांचं शाळेकडे काय असणार? शिक्षकांनी फोन करून, घरी जाऊन तोंडी घेतलं आणि रकाने भरले.

99.95 टक्के निकाल! म्हणजे मार्कांची खिरापतच वाटली ना?

निकाल 16 जुलै 2021 ला लागला आणि निकालाची संकेतस्थळं तासन् तास उघडेनात, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. टक्का डोळे विस्फारणारा होता हे खरं. पण कुणाच्या घरी एक माणूस प्राणवायूवर असताना त्या घरातल्या मुलाला, जी परीक्षा घेतलीच नाही तिच्यात नापास करणं कुठल्या शाळेला जमलं असतं?

तरी 'खिरापत' म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. 2019 च्या दहावीचा निकाल 77.10 टक्के होता. त्या वर्षी मुलं अचानक मठ्ठ झाली नव्हती. भाषा विषयांचे अंतर्गत 20 गुण काढून टाकले होते, म्हणून निकाल कोसळला. पुढच्या वर्षी ते परत आले आणि निकाल 95.30 झाला. करोनाचा त्यात संबंध नव्हता, कारण भूगोल वगळता 2020 चे सगळे पेपर मुलांनी केंद्रात बसून लिहिले होते. निकालाचा टक्का मुलांपेक्षा सूत्राबद्दल जास्त सांगतो, मग साथ असो वा नसो.

बारावी 2021 चं सूत्र वेगळं होतं का?

हो. 1 जूनला केंद्रानं सीबीएसईची बारावी रद्द केली आणि 3 जूनला राज्यानं आपली. सूत्र 30-30-40: दहावीतल्या सर्वोत्तम तीन विषयांच्या सरासरीचे 30 टक्के, अकरावीचे 30, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 40. निकाल 3 ऑगस्टला, 99.63 टक्के.

इथे 'ते 2019 चं' पुन्हा आडवं आलं. ही बॅच दहावीला 2019 मध्ये होती, म्हणजे अंतर्गत गुण काढलेल्या त्याच कडक वर्षी. सर्वोत्तम तीन विषय धरल्यामुळे झळ कमी झाली. अकरावी मात्र, 'अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष' या आपल्याकडच्या जुन्या समजुतीमुळे, अनेकांना भोवली.

अकरावीची सीईटी जाहीर झाली आणि मग गायब झाली. ती काय भानगड होती?

दहावीचे गुण शाळांनी दिलेले, त्यामुळे अकरावीच्या प्रवेशासाठी समान परीक्षा घ्यावी, असं सरकारनं ठरवलं. ऐच्छिक, 100 गुणांची, दोन तासांची, 21 ऑगस्ट 2021 ला. ऐच्छिक म्हणायचं आणि परीक्षा देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य, म्हणजे चांगलं कॉलेज हवं त्याला ती सक्तीचीच झाली. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, त्यामुळे आयसीएसईच्या विद्यार्थिनीनं न्यायालयाचं दार ठोठावलं. 10 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती परीक्षा रद्दबातल ठरवली आणि दहावीच्या गुणांवर प्रवेश द्यायला सांगितलं. परीक्षेला अकरा दिवस उरले होते. मे महिन्यापासून या सीईटीच्या नावानं क्लासवाल्यांनी फिया घेतल्या, त्या परत मिळाल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

माझं 2020 ला पदवीचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा होणार, नाही होणार, असं सहा महिने चाललं. शेवटी ठरवलं कुणी?

सर्वोच्च न्यायालयानं. पण तिथवरचा प्रवास तपशिलात बघण्यासारखा आहे, कारण अनिश्चितता कशी तयार होते त्याचा हा नमुना आहे.

29 एप्रिल 2020 ला विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, मार्गदर्शक सूचना काढल्या: अंतिम वर्षाची परीक्षा जुलैमध्ये घ्या, परिस्थिती बघून बदल करा. मे महिन्यात राज्याचे उच्च शिक्षणमंत्री उदय सामंत यांनी आधी फक्त अंतिम वर्षाची परीक्षा होईल असं सांगितलं, मग तीही न घेण्याची परवानगी यूजीसीकडे मागितली. 31 मेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं की परीक्षा नाही, आधीच्या सत्रांच्या सरासरीवर पदवी. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी हे कुलपती, त्यांनी हरकत घेतली. जूनमध्ये राज्यानं मधला मार्ग काढला: ज्याला परीक्षा द्यायची त्यानं लिहून द्यावं. आणि 6 जुलैला यूजीसीनं नव्या सूचना काढल्या की अंतिम वर्षाची परीक्षा 30 सप्टेंबरपर्यंत सगळ्यांनी घेतलीच पाहिजे.

मुख्यमंत्री नाही म्हणतात, कुलपती हो म्हणतात, यूजीसी सक्ती करते, आणि विद्यार्थी गावाकडे, पुस्तकं वसतिगृहाच्या बंद खोलीत. युवासेना आणि देशभरातले काही विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले.

28 ऑगस्टच्या निकालात न्यायालयानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य परीक्षा पुढे ढकलू शकतं, आणि तशी गरज असेल तर यूजीसीकडून तारीख वाढवून घेऊ शकतं. पण परीक्षाच न घेता पदवी देण्याचा निर्णय त्या कायद्याच्या आधारे राज्याला घेता येणार नाही. एवढी साधी वाटणी मे महिन्यातच कुणी स्पष्ट केली असती, तर मुलांचा अख्खा उन्हाळा आणि पावसाळा वाचला असता.

परीक्षा ऑक्टोबरमध्ये झाल्या, बहुतेक ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या. लॉगिन होत नाही, पेपर दिसत नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाची, आयडॉलची, परीक्षा तर सायबर हल्ल्याच्या कारणानं मध्येच थांबवावी लागली. सगळ्यात वाईट अवस्था बॅकलॉगवाल्यांची होती, कारण 'सरासरीवर पदवी' या वाक्यात आपण बसतो की नाही हेच त्यांना महिनोन् महिने माहीत नव्हतं.

सगळीकडेच असं झालं का? गोव्यात माझ्या भावानं दहावीचा पेपर दिला होता.

बरोबर आहे. गोवा मंडळानं 2020 ची दहावी 21 मेपासून घेतली, टाळेबंदी चालू असताना, मास्क आणि अंतर पाळून. कर्नाटकानंही 25 जून ते 4 जुलै 2020 या काळात दहावी घेतली. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी शाळांतली मुलं त्याच परीक्षेला बसली. 2021 मध्ये गोव्यानं रद्द केली, कर्नाटकानं मात्र सहा विषय दोन दिवसांत उरकले, 19 आणि 22 जुलैला, बहुपर्यायी प्रश्न घालून.

त्यामुळे निपाणीच्या मुलानं त्या जुलैत पेपर दिला आणि पलीकडे कागलमधल्या त्याच्या मामेभावाला घरबसल्या निकाल मिळाला. कोण सुखी, हे दोघांनाही नीट सांगता येणार नाही. महाराष्ट्रातला रुग्णांचा आकडा आणि दहावीच्या पंधरा-सोळा लाख मुलांची संख्या पाहता आपल्याला गोव्यासारखं करणं सोपं नव्हतं, हे मान्य. पण बहुपर्यायी, थोड्या दिवसांची, आपल्याच शाळेत घ्यायची परीक्षा हा पर्याय 2021 च्या जानेवारीत, लाट ओसरलेली असताना, कागदावर तरी तयार ठेवता आला असता.

शाळा बंद असताना शिक्षण खरंच चालू होतं का?

सरकारची घोषणा होती 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. व्हॉट्सअॅपवर अभ्यासमाला यायची, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागायची, आणि ती बऱ्यापैकी चांगली होती. जुलै 2020 मध्ये अभ्यासक्रम 25 टक्के कमी झाला. 'असर' या शिक्षणाच्या स्थितीवरच्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांचं प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होतं, ते 2021 मध्ये 67.6 टक्के झालं. घरात फोन असणं आणि तो मुलाच्या हाती असणं यात मात्र फरक आहे. रेंजसाठी टेकाडावर, पाण्याच्या टाकीवर चढून बसलेली मुलं कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात सर्रास दिसत होती. ऊसतोड कामगारांची मुलं तर, शाळाच नाही तर गावात ठेवायचं कुणाकडे, म्हणून कोयत्याबरोबर कारखान्यावर गेली. त्यातली सगळी परत वर्गात आली नाहीत.

शाळा उघडण्याचंही धरसोडीचंच झालं. 23 नोव्हेंबर 2020 ला नववी ते बारावी, 27 जानेवारी 2021 ला पाचवी ते आठवी (मुंबईत दोन्ही नाही), मग पुन्हा बंद, 4 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा सुरू, जानेवारी 2022 च्या दुसऱ्या आठवड्यात परत बंद आणि 24 तारखेला परत चालू.

पहिली ते आठवीच्या प्रगतिपुस्तकावर 'वर्गोन्नत' असा शेरा आहे. पुढे अडचण येईल का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पुढच्या वर्गात पाठवलं, एवढाच त्याचा अर्थ.

2022 ला परीक्षा प्रत्यक्ष घ्यायचं ठरलं तेव्हा मुलं रस्त्यावर का उतरली?

31 जानेवारी 2022 ला धारावीत शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घरासमोर विद्यार्थ्यांचा मोठा जमाव जमला होता. समाजमाध्यमावरच्या आवाहनामुळे ही मुलं जमली आणि पोलिसांनी ते आवाहन करणाऱ्याला अटक केली. मुलांचं म्हणणं होतं, शिकवलं ऑनलाइन तर परीक्षा ऑफलाइन का. वर्तमानपत्रांनी त्यांना कामचुकार ठरवलं. मला त्यांचा युक्तिवाद पटला नाही, पण राग समजला. दोन वर्षं ज्या व्यवस्थेनं प्रत्येक तारीख बदलली, ती या वेळी ठाम आहे यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारीत प्रत्यक्ष परीक्षेविरुद्धची याचिका फेटाळली तेव्हा कुठे मुलं अभ्यासाला बसली.

सवलती मिळाल्या: 75 टक्के अभ्यासक्रम, आपल्याच शाळेत किंवा कॉलेजात केंद्र, मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त. आणि एवढं सगळं जुळून आल्यावर बारावीच्या प्रश्नपत्रिका घेऊन येणारा टेम्पो संगमनेरजवळ चंदनापुरी घाटात पेटला! 5 आणि 7 मार्चचे भाषा विषयांचे पेपर एप्रिलमध्ये गेले. तरी निकाल वेळेत लागले, बारावी 94.22 आणि दहावी 96.94 टक्के.

परीक्षा झालीच नाही, मग परीक्षा शुल्काचं काय?

2021 च्या परीक्षेसाठी भरलेल्या शुल्कातून मंडळानं थोडी रक्कम परत द्यायचं ठरवलं: दहावीला 59 रुपये, बारावीला 94. छपाई आणि तयारीचा खर्च आधीच झाला होता, असं कारण होतं. बरेच पालक त्या 59 रुपयांसाठी शाळेत आलेच नाहीत.

आमची गुणपत्रिका 'खरी' धरतात का? नोकरीत, परदेशी प्रवेशात?

पूर्णपणे खरी. तीच गुणपत्रिका, तेच मंडळ, तेच प्रमाणपत्र. 2020 मध्ये काही कृषी महाविद्यालयांच्या गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-19' असा उल्लेख आला होता. त्यावर ओरड झाली आणि कृषिमंत्र्यांनी त्यात लक्ष घातलं. तुमच्या एखाद्या जुन्या गुणपत्रिकेवर असं काही राहून गेलं असेल, तर विद्यापीठाकडे अर्ज करून दुरुस्त गुणपत्रिका मागा.

2021 च्या दहावीला अपेक्षेपेक्षा कमी मार्क पडले. आता काही करता येईल?

तेव्हा नाराज विद्यार्थ्यांना श्रेणीसुधार योजनेतून लगतच्या दोन परीक्षांना बसण्याची मुभा होती. ती मुदत संपली आहे. खरं तर आता तिची गरजही राहिलेली नाही, कारण त्या बॅचनं 2023 ला पूर्ण अभ्यासक्रमाची, नेहमीच्या केंद्रावरची बारावी दिली. आयुष्यातली पहिली बोर्डाची परीक्षा थेट बारावीला! त्या वर्षीचा निकाल 91.25 टक्के होता.

मुलाखतीत 'तुम्ही करोना बॅचचे ना?' असं विचारलं तर काय सांगायचं?

'हो' म्हणा. दहावीचं विचारलं तर 30-20-50 आणि बारावीचं विचारलं तर 30-30-40, हे सूत्र दोन वाक्यांत सांगा. बहुतेकांना ते माहीतच नसतं, त्यांना वाटतं गुण हवेतून पडले. त्यानंतर जी प्रत्यक्ष परीक्षा दिली तिचे गुण पुढे ठेवा. परदेशी अर्जात 'परीक्षा घेतली नाही' असं स्वतःच्या शब्दांत लिहू नका. '28 मे 2021 च्या शासन निर्णयानुसार मूल्यमापन' असं लिहा (बारावीसाठी त्या सूत्राचा शासन निर्णय) आणि त्याची इंग्रजी भाषांतरित प्रत सोबत जोडा. भाषांतर नोटरीकडून प्रमाणित करून घ्या, आणि दोन प्रती जास्त काढा, कारण एक ते ठेवून घेतात आणि दुसरी हमखास हरवते.